कोणाला सवड असेल तर

नियमांचा तो कागद लिफ्टवाल्यानेच लिहिला होता. त्याला असं क्रमवार, नीटनेटकं लिहायला आवडायचं. दिवसभर तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा आणि उरलेल्या वेळात शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाची सेक्रेटरीकी सांभाळायचा. क्लबात माणसं अठरा. त्यातली सात-आठ बोलणारी, बाकीची नुसती ऐकणारी.

ज्यांना या छंदाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रेडिओवर सगळ्यांची मिळून एक सामायिक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, तिला कॉलिंग फ्रिक्वेन्सी म्हणतात. ज्याला बोलायचं असेल त्याने तिथे यायचं, आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तर आपली कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं अक्षरा-आकड्यांचं नाव, सांगून हाक द्यायची. कोणी ओ दिली की दोघांनी मिळून दुसऱ्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर निघून जायचं. गप्पा तिथे मारायच्या. इमारतीचा जिना सगळ्यांचा असतो. जिन्यात उभं राहून हाक मारता येते, पण तिथे खुर्ची टाकून बसायचं नसतं.

घोषणाकाका नेमके खुर्ची टाकून बसायचे.

बस स्टँडवरच्या काचेच्या खोलीत एकतीस वर्षं माइकसमोर बसून त्यांनी गाड्यांच्या वेळा सांगितल्या होत्या. क्लबात आले तेव्हा वय अडुसष्ट, बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात. लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झाले आणि त्या दिवशी त्यांनी क्लबात सगळ्यांना चहा पाजला. आवाज मात्र असा, की पहिल्यांदा ऐकणारा हातातलं काम थांबवायचा. भरदार, सावकाश, एकेक अक्षर सुटं. एकदा बटण दाबलं की गुडघ्यापासून सुरुवात व्हायची. मग खिडकीतलं कबुतर, मग किटलीचं झाकण, मग अमुक साली अमुक गाडी घाटात कशी अडकली. ऐकणाऱ्याने ओ दिली काय नि नाही दिली काय, त्यांचं चऱ्हाट चालूच.

तक्रारी यायला लागल्या. क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "माझ्या पेशंटच्या तोंडात ड्रिल असतं आणि कोपऱ्यात यांचा गुडघा कुरकुरत असतो. पेशंट घाबरतात हो." शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मुलांना रेडिओ दाखवायला नेलं तर वीस मिनिटं फट सापडली नाही. त्यातच एकदा भर दुपारी काकांनी फ्रिक्वेन्सीवर "आणीबाणी, आणीबाणी" असा पुकारा केला. जिन्यात गॅसचा वास येत होता. चौघं हातातलं टाकून धावले. निघालं काय, तर खालच्या बिऱ्हाडात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. पुढच्या सभेत डॉक्टर म्हणाले, "आता साय धरली की मला फोन करा." सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्याने हसले.

मग लिफ्टवाल्याने नियम लिहिले, एका पानात मावतील असे, आणि एका रविवारी सकाळी तो कागद घेऊन काकांकडे गेला.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकांनी दार उघडताच म्हटलं, "तुमच्या धंद्याला इथे वाव नाही, सेक्रेटरीसाहेब. या, बसा." एक खोली आणि स्वयंपाकघर, पण लख्ख. खिडकीशी टेबल, टेबलावर मोठा रेडिओ, पलंगाच्या उशाशी हातात धरायचा छोटा सेट. बाल्कनीच्या भिंतीला अँटेना घट्ट बसवलेली. चहा पुढे ठेवून काकांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचायला घेतला, प्रवाशांना सूचना द्यावी तसा.

"एक. आधी ऐकावे. दोन. हाक थोडक्यात द्यावी. आपली कॉलसाइन आणि 'ऐकतोय' एवढेच पुरे. तीन. हाकेत कारण सांगत बसू नये. बोलणे काय ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर." ते थांबले. "म्हणजे हे माझ्यासाठीच आहे."

"सगळ्यांसाठी आहे, काका."

"असू दे हो. सांगणाराला अवघड जातं, मला माहीत आहे. मीही लोकांना गाडी रद्द झाल्याचं सांगायचोच की." त्यांनी पेन्सिल घेतली. "समजा, कोणीच ओ दिली नाही, तर?"

"पाच मिनिटं थांबून पुन्हा द्यायची. तीनदा झालं की जागा सोडायची."

"आणि मग?"

"मग... दोनेक तासांनी या परत."

"दोन तासांनी," म्हणत काकांनी कागदाच्या कडेला ते टिपून घेतलं.

निघताना लिफ्टवाल्याने राहिलेलं उरकून टाकलं. "आणि काका, ते आणीबाणीचं. तो शब्द जपून वापरायचा. कोणाचा जीव जात असेल तरच."

काकांचे कान लाल झाले. "पुन्हा नाही होणार," ते म्हणाले. "स्टँडवर धोक्याची घंटा होती आमच्याकडे. कोणी उगाच वाजवली की पुढच्या वेळी एकही मान वर व्हायची नाही. मी हे विसरायला नको होतं."

त्या दिवसापासून काका पार बदलले. हाक द्यायचे ती दोन वाक्यांत. पाच मिनिटांनी पुन्हा, आणखी पाच मिनिटांनी पुन्हा, की संपलं. डॉक्टर सभेत म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. बाकीच्यांनी शिका." कागदाच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या.

एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवली नाही. काकांना आता कोणी ओ देत नव्हतं. पूर्वी त्यांचं बोलणं कानावर पडायचं, काम चालू ठेवून ऐकता यायचं, मधूनच एखादा टोला हाणता यायचा. आता ओ दिली की दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर त्यांच्याबरोबर एकट्यानेच जावं लागे, आणि तिथे गेलं की पाऊण तासाची निश्चिंती. लिफ्टवाला पहिले दोन रविवार ओ देऊन गेला. तिसऱ्या रविवारी त्याला पाहुणे होते. चौथ्या रविवारी नव्हते, तरी तो गेला नाही.

पुढे थंडीचे दिवस आले.

त्या मंगळवारी लिफ्टवाला एका दहा मजली इमारतीच्या गच्चीवर होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मोटर, लोखंडी दोरांचं मोठं चाक आणि ब्रेक असतो. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. खाली सगळ्या मजल्यांवर 'लिफ्ट बंद आहे' अशा पाट्या लावलेल्या, तरी आठव्या मजल्यावरच्या एका बाईंचे दोन फोन येऊन गेले होते. रेडिओचा छोटा सेट त्याने पॅनेलच्या पेटीवर उभा करून ठेवला होता. गच्चीवरून सगळं शहर स्वच्छ ऐकू येतं, म्हणून कामावर असताना तो नेहमी सोबत असायचा.

अकरा वाजून गेल्यावर काकांची हाक आली. कॉलसाइन, 'ऐकतोय'. लिफ्टवाला ब्रेकची स्प्रिंग दाबून धरून बसला होता, हात ग्रीसने माखलेले. कोणीतरी देईल ओ, असं मनाशी म्हणून त्याने नट आवळला. पाच मिनिटांनी दुसरी हाक. तोवर पट्ट्या बसल्या होत्या. हात पुसता पुसता त्याने सेटकडे पाहिलं. तिसरी हाक आली तेव्हा तो उंबऱ्यावर उन्हात बसला होता आणि मांडीवर डबा उघडलेला होता.

आवाज तोच होता, फक्त नेहमीपेक्षा सावकाश. कॉलसाइन. 'ऐकतोय.' मग काका क्षणभर थांबले आणि त्यांनी कागदात नसलेले चार शब्द जोडले. "कोणाला सवड असेल तर."

लिफ्टवाल्याच्या मनात आलं, आलं परत शेपूट. आता गुडघा. त्याने घास तोंडात टाकला. बटण दाबायला एक बोट पुरलं असतं. सेट काही सेकंद सूं करत राहिला आणि गप्प झाला. जेवून झाल्यावर लिफ्टवाल्याने रिकामी लिफ्ट तीनदा वरखाली करून पाहिली, पाट्या काढल्या आणि तो पुढच्या इमारतीला गेला. तिथे तळघरात काम होतं. तळघरात काही ऐकू येत नाही.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "आपले घोषणाकाका गेले रे."

"कधी?"

"काल बहुतेक. मुलगी मंगळवारी रात्रीपासून फोन करत होती. आधी तिला वाटलं, रेडिओवर बसले असतील. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं. पलंग आणि टेबल यांच्या मधे पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. उठता आलं नसणार. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला." डॉक्टर जरा घुटमळले. "छोटा सेट हातात होता. बॅटरी संपलेली."

"पडले कधी?"

"पोलिसांच्या डॉक्टरांच्या मते मंगळवारी सकाळी. गेले बुधवारी. फरशी थंडगार, अंगावर काही नाही."

लिफ्टवाला तेव्हा एका बंद लिफ्टच्या टपावर उभा होता. तो तिथेच बसला, दोराला पाठ टेकून. खालून कोणीतरी ओरडून विचारत होतं, झालं का, झालं का. तो म्हणाला, "होतंय."

घरी बायकोने विचारलं, "चेहरा का असा उतरलाय?"

"क्लबातले काका गेले."

"गुडघ्याचे?" तिने गॅस बारीक केला. "अरे देवा. मला आवडायचा त्यांचा आवाज. तू सेट स्वयंपाकघरात ठेवायचास तेव्हा भांडी घासता घासता ऐकायचे मी. हल्ली बोलायचे नाहीत का फारसे?"

"नाही."

"तू गेला होतास ना मध्ये त्यांच्या घरी? बरं केलंस."

त्याने मान हलवली आणि तो हात धुवायला उठला.

शनिवारी क्लबाची शोकसभा विज्ञानाच्या बाईंच्या प्रयोगशाळेत झाली. उंच स्टुलांवर दहा-बारा जण. डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले. मग लिफ्टवाल्याने, कोणी विचारलं नसताना, सांगून टाकलं, "मंगळवारी अकराच्या पुढे त्यांनी हाक दिली होती. तीनदा. मी ऐकली."

मग बाई हळूच म्हणाल्या, "दुपारी सव्वा वाजता मधली सुट्टी होती. तेव्हा पण दिली होती. तीनदाच." त्या टेबलाकडे बघत होत्या. "माझ्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या."

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी घसा खाकरला. "साडेपाचला मी ऐकलं. आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल."

"साडेतीनच्या सुमाराला असणारच मग," बाई म्हणाल्या. "दोन दोन तासांनी."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. साडेतीनला डॉक्टरांच्या दवाखान्यात सेट चालू असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे पेशंट होता," डॉक्टर म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि ऐकलं असतं तरी काय? पडलोय म्हणाले का ते? दुखतंय म्हणाले? आणीबाणीचा शब्द परीक्षेत शिकवतात, तो त्यांना येत होता. तो त्यांनी वापरला नाही. यात आपला काय दोष?"

"मीच सांगितलं होतं, तो शब्द वापरू नका म्हणून," लिफ्टवाला म्हणाला.

"जपून वापरा म्हणालास. ते बरोबरच होतं." डॉक्टरांनी हात झटकले. "हे बघा, हे बाहेर गेलं तर लायसन्सवाले विचारायला येतील, पेपरवाले येतील. त्या पोरीच्या जिवाला आणि निष्कारण घोर. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. कोणी काही ऐकलं नाही. कबूल?"

कोणी कबूल म्हणालं नाही आणि कोणी नाही असंही म्हणालं नाही. शोकप्रस्ताव लिहायचं काम सेक्रेटरीचंच होतं. त्याने तो लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. घरमालकाला जागा रिकामी करून हवी होती, बाल्कनीतली अँटेना काढायची होती, आणि बाबांच्या वहीत क्लबाचा म्हणून हाच एक नंबर सापडला होता. "तुम्ही कोणाला पाठवू शकाल का?" तिने विचारलं. तो म्हणाला, मीच येतो.

ती पस्तिशीची असेल. डोळे सुजलेले, पण हात सारखे चालू. भांडी एका खोक्यात, कपडे दुसऱ्यात. पलंग भिंतीशी सरकवलेला होता. टेबलाच्या वर भिंतीवर तो कागद चिकटवलेला होता, चारही कोपऱ्यांना पट्टी लावून. लिफ्टवाल्याने तिकडे पाहिलं नाही. बाल्कनीत स्टूल लावून तो चढला आणि पान्याने बोल्ट सैल करू लागला. बोल्ट गंजलेले होते.

ती दारात येऊन उभी राहिली. "एक विचारू का?"

"विचारा ना."

"त्यांच्या हातात तो सेट होता. दिवसभर चालू असणार. मला एवढंच कळत नाही, त्यांनी कोणाला हाक का मारली नाही? माझे बाबा हो. एकतीस वर्षं माइकवर. घरी जेवायला बसायचं असलं तरी आम्हाला सूचना व्हायची, प्रवाशांनी कृपया ताटावर यावे म्हणून. तो माणूस गप्प पडून राहिला?"

पाना बोल्टवर तसाच राहिला. सांगितलं नाही तर ती आयुष्यभर असंच समजत राहणार, की बाबांनी हाक मारलीच नाही. लिफ्टवाला स्टुलावरून खाली उतरला.

"मारली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मंगळवारी. दिवसभरात बारा वेळा. अकरापासून साडेपाचपर्यंत, दर दोन तासांनी तीनदा. मी सकाळच्या तिन्ही ऐकल्या."

तिचा चेहरा हलला नाही. "काय म्हणाले?"

"कॉलसाइन आणि ऐकतोय."

"तसं नाही. जसं म्हणाले तसं म्हणून दाखवा."

त्याने म्हणून दाखवलं. कॉलसाइनची एकेक अक्षरं, मग 'ऐकतोय'. त्याचा आवाज घोगरा होता, काकांच्या आवाजाच्या जवळपासही न जाणारा. "आणि शेवटच्या वेळी म्हणाले, कोणाला सवड असेल तर."

"आणि तुम्हाला सवड नव्हती."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"होती," तो म्हणाला. "काम झालं होतं. मी जेवत होतो. वाटलं, आता पाऊण तास बोलतील."

ती वळून आत गेली. त्याला वाटलं, आता आतून दार लावून घेईल. पण ती वही आणि पेन घेऊन परत आली. "अजून कोणी ऐकलं?"

त्याने तिघांचीही नावं आणि वेळा सांगितल्या. तिने एकाखाली एक लिहून घेतल्या. भिंतीवरचा तो कागद कोणी लिहिला, हेही त्याने सांगितलं, आणि आणीबाणीच्या शब्दाबद्दल आपण काय म्हणालो होतो तेही. ते तिने लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

"मी फोनवर विचारायचे, बाबा, कंटाळा येत नाही ना?" ती म्हणाली. "तर म्हणायचे, छे, अठरा माणसं आहेत माझी." तिने वही मिटली. "उरकून घ्या तुमचं. आणि भिंतीला जी भोकं पडलीत ती बुजवून द्या. घरमालक कटकट करतो."

त्याने अँटेना उतरवली. गाडीतून लांबीचा डबा आणून चारही भोकं बुजवली, पात्याने सारखी केली, वाळल्यावर काचकागद मारला. तासभर गेला. आतून तिचा आवाज येत होता, फोनवर एकेकाला विचारत होती. सौम्यपणे, आपण कोण ते सांगून. एकदा बराच वेळ ती काही बोललीच नाही, पलीकडचं माणूस रडत असावं. जाताना त्याने "येतो" म्हटलं. ती खोक्याला दोरी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

तो गाडीशी पोहोचायच्या आत डॉक्टरांचा फोन. "तू सांगितलंस? माझं नाव घेऊन सांगितलंस? मूर्खा, मी तिला म्हटलं मला काही आठवत नाही, तर म्हणते, साडेतीनला कोणता पेशंट होता ते बघून सांगा. पुन्हा क्लबात पाय ठेवू नकोस."

"बरं," लिफ्टवाला म्हणाला.

घरी बायको कपडे वाळत घालत होती. दुपारचे तीन वाजले होते, तो जेवला नव्हता. त्याने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, गच्चीवरचा डबाही. ती ओला शर्ट हातात तसाच धरून ऐकत राहिली. त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"गुरुवारी का नाही बोललास?" तिने विचारलं.

"बोलता आलं नाही."

"डबा मी भरून दिला होता मंगळवारी," ती म्हणाली. मग तिने शर्ट झटकला, दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले. "वाढून ठेवलंय. झाकलेलं आहे. घे तुझं तू."

ती आत गेली आणि तिने स्वयंपाकघराच्या फळीवरचा सेट उचलून कपाटात ठेवून दिला. लिफ्टवाला तिथेच उभा होता. नखांत लांबी सुकली होती. ती तो एकेका नखातून कोरून काढत राहिला.